आतून पॉलिश केलेली नळी

धोंडू परबाने स्वतःच्या हातच्या कामाला जन्मात कधी चांगलं म्हटलं नव्हतं. गिरणीत त्याने बसवलेली चाती वर्षानुवर्षं कुरकुरली नाहीत. संपात गिरणी सुटली आणि तो साकीनाक्याच्या वर्कशॉपात लेथवर लागला, तिथेही त्याच्या हातचा माल कधी परत आला नाही. पण शेठने पाठ थोपटली तरी याचं उत्तर ठरलेलं, "बरा आसा." त्याची मुलगी रत्नप्रभा त्याची हुबेहूब नक्कल करायची. म्हणायची, बाबांना स्वर्गात नेलं तर आधी दाराची बिजागरी हलवून बघतील आणि म्हणतील, बरा आसा. हे ऐकून सुगंधा, म्हणजे त्याची बायको, पदर तोंडाला लावून हसायची. चारकोपच्या त्या एका खोलीत तेव्हा हसणं होतं.

मग रत्नाच्या डाव्या गालात काहीतरी वाढायला लागलं. आधी सगळ्यांना वाटलं दाढ. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, दाढही उपटून झाली. शेजारपाजारच्या बायकांनी तर फुकटच्या सल्ल्यांचा पाऊस पाडला, त्यांच्या तोंडाला कुठे टाके घालायचे होते. शेवटी परळच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगायचं ते सरळ सांगितलं. गालाचं हाड काढावं लागेल, आणि त्यासोबत डोळाही. जीव वाचण्याची आशा आहे, पण उशीर करून चालणार नाही. रविवारी भरती व्हायचं, सोमवारी ऑपरेशन. रत्ना वीस वर्षांची होती.

हे ऐकून सुगंधा गावच्या देवीला नवस बोलली. धोंडू दोन दिवस नुसताच भिंतीकडे बघत बसला. रत्ना मात्र त्या आठवड्याच्या मंगळवारी त्याच्या समोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, माझा एक फोटो काढा. चेहरा भरून."

सुगंधा कडाडली, असलं अभद्र बोलू नकोस म्हणाली. रत्नाने आईकडे पाहिलंच नाही. "नंतर आरशात मी नसणार," ती म्हणाली, "मला मी कुठेतरी बघायला पाहिजे ना."

आता कोणी म्हणेल, त्यात काय, स्टुडिओत जायचं. ती गेली होती. स्टेशनजवळच्या एका स्टुडिओवाल्याने तिला स्टुलावर बसवलं, हनुवटीला धरून तोंड एका बाजूला वळवलं आणि मोठ्या उदारपणे सांगितलं की उरलीसुरली सूज मी निगेटिव्हवर पेन्सिलने घालवतो. रत्ना स्टुलावरून उठली ती तडक घरी आली. त्यानंतर तिने उंबरा ओलांडला नव्हता. तिला सूज घालवलेला चेहरा नको होता, आहे तसा पाहिजे होता, आणि तो परक्या माणसाने काढायला नको होता.

धोंडूकडे कॅमेरा होता. गिरणीचे दिवस बरे होते तेव्हा घेतलेला, जुना, रशियन, दगडासारखा जड. त्याने तो गावच्या गणपतीला नेला होता, लग्नाबारशांना नेला होता, रत्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला काढला होता. पण त्या कॅमेऱ्याला माणसाच्या जवळ जाता येत नसे. चांगलं दीड पावलावर उभं राहावं लागे. त्यामुळे घरातल्या बिस्किटाच्या डब्यात रत्नाचे ढीगभर फोटो होते आणि एकातही तिचा चेहरा नखाहून मोठा नव्हता. जवळून काढलेला म्हणून एकच होता, मॅट्रिकच्या फॉर्मसाठीचा, तेल चोपडलेला आणि घाबरलेला. तो बघून ती म्हणायची, ही कोण भूत.

बुडत्याला काडीचा आधार. धोंडूची काडी म्हणजे पलीकडच्या सेक्टरातले विद्याधर कर्णिक. कर्णिक हापिसात बसणारा माणूस, पण फोटोचा किडा. बाथरूमची खिडकी बुजवून त्यांनी तिथे डार्करूम केली होती आणि त्यावरून त्यांच्या घरात रोज सकाळी भांडण व्हायचं. त्यांचा आरशाचा कॅमेरा कधीच बंद पडला होता, आतला पडदा फाटला होता आणि तो शिवून देणारा कोणी भेटत नव्हता. पण त्याची लेन्स होती, जुनी, जाड काचांची, खास चेहऱ्यांसाठी घेतलेली. धोंडूने त्यांचा एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठे करायचं यंत्र, एकदा सरळ करून दिला होता. कर्णिकांनी कपाटातून लेन्स काढून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, परब, बघा काय होतं का.

धोंडूने तिथेच आपल्या कॅमेऱ्याची लेन्स काढून ही लावून पाहिली. आटे जुळले. फिरवली तशी लोण्यासारखी आत गेली आणि घट्ट बसली. आयुष्यभर आट्यांशी खेळलेला माणूस तो. आटे जुळले म्हणजे जोडी जुळली असं त्याला वाटलं, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा त्याला भूक लागली.

कर्णिकांनी मात्र कॅमेऱ्याची पाठ उघडली, फिल्मच्या जागी बटर पेपरचा तुकडा चिकटवला, शटर उघडं धरलं आणि समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर रोखलं. कागदावर टाकी यायला हवी होती. आला नुसता राखाडी काला. लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी काल्याचा काला. धोंडूने डोळे बारीक करून पाहिलं, मग कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहिलं. खिडकीत टाकी लख्ख दिसत होती. कर्णिक म्हणाले, खिडकीचं काही सांगू नका. ती लेन्समधून बघत नाही, तिला सगळं नेहमीच लख्ख दिसतं.

मग त्यांनी समजावलं. "माझ्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मध्ये आरसा असतो. त्याला हलायला जागा लागते, म्हणून ही लेन्स पुढे उभी राहायला शिकलेली. तुमच्यात आरसाच नाही. ती फिल्मच्या उरावर जाऊन बसलीय. मध्ये तेवढं अंतर भरून काढलं पाहिजे."

म्हणजे एक नळी पाहिजे. एवढंच ना? धोंडूचा जीव भांड्यात पडला. नळी त्याच्या राज्यातली गोष्ट होती. दोघांनी पुठ्ठ्याची नळी वळली. कर्णिकांनी फोटोच्या कागदाच्या पाकिटातला काळा कागद तिच्या आतून लावला आणि कात्रीने थोडी थोडी कापत गेले. एका क्षणी बटर पेपरवर टाकी उमटली, उलटी, पण अशी की शिडीच्या पायऱ्या मोजाव्यात. धोंडूने व्हर्नियरने लांबी घेतली. पुठ्ठ्याला त्या जड लेन्सचं वजन पेलत नव्हतं, ती मान टाकत होती, नाहीतर त्याने तिथूनच धावत जाऊन फोटो काढला असता. काळा कागद का लावला हे कर्णिकांनी सांगितलं नाही, कारण ही काय सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलं. धोंडूने विचारलं नाही, कारण हाताशी होता म्हणून लावला असेल असं त्याला वाटलं. एवढंसंच अंतर दोघांच्या मध्ये राहिलं आणि ते कोणी भरून काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धोंडूने पितळेचा तुकडा लेथवर चढवला. सगळे डबे उघडून बसले होते, त्याचा डबा पिशवीतच राहिला. आटे असे पाडले की लेन्स स्वतःहून आत जावी. लांबी केसाच्या फरकानेही चुकू दिली नाही. नळी तिथेच पूर्ण झाली होती. आणि तिथेच त्याने थांबायला हवं होतं.

पण धोंडू गिरणीत वाढलेला. कताईखात्यातला फिटर. तिथे त्याला पोरवयात पहिला धडा मिळाला होता तो हा की सूत ज्या ज्या जागेतून जातं ती जागा आरशासारखी पाहिजे. नख फिरवलं तर अडता कामा नये. कुठे खरखर राहिली की सूत अडतं, तुटतं आणि शिव्या फिटरला. ही नळीदेखील कशाच्या तरी वाटेतच बसणार होती. तिच्यातून रत्नाचा चेहरा जाणार होता. तो कुठे अडायला नको, त्याला कुठे ओरखडा यायला नको. म्हणून त्याने आधी जाड पॉलिश पेपर घेतला, मग बारीक, मग पॉलिशची वडी आणि मऊ फडकं. पुढचे दोन दिवस सुट्टी झाली की तो नळी घेऊन बसायचा आणि आतून घासायचा. शेवटी आत डोकावलं तर स्वतःचा डोळा दिसावा अशी ती झाली. लेथवाले एकमेकांच्या हातून ती फिरवत राहिले, शेठही येऊन बघून गेला. एवढं देखणं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि हे त्याला स्वतःलाही कळलं. विचारल्यावर मात्र म्हणाला, "बरा आसा." आणि नळी स्वच्छ रुमालात बांधली. अति तेथे माती म्हणतात, पण माती दिसेपर्यंत अति कुणाला कळतं.

शनिवारी दुपारी रत्ना खिडकीजवळ बसली. सुगंधाने कुरकुर न करता तिची वेणी घातली, अबोलीचा गजरा माळला आणि मग चुलीकडे तोंड करून उभी राहिली. कॅमेऱ्याच्या खिडकीतलं अंतर मोजणारं यंत्र या परक्या लेन्सशी बोलत नव्हतं, म्हणून धोंडूने कर्णिकांच्या सांगण्यावरून एक दोरी केली होती. एक टोक कॅमेऱ्याला बांधलेलं, दुसऱ्या टोकाला गाठ. लेन्सच्या ठरावीक खुणेवर जिथे चित्र रेखीव येतं, तेवढीच लांब. डोळा रेखीव आला पाहिजे, कर्णिकांनी बजावलं होतं, बाकी काही झालं तरी चालेल.

रत्नाने गाठ चिमटीत धरली आणि डाव्या डोळ्याखालच्या हाडावर टेकवली. दोरी ताणली गेली. "गुदगुल्या होतात," ती म्हणाली. मग गाठ सोडली आणि मान सरळ ठेवून, सूज न लपवता, थेट लेन्सकडे बघत राहिली. धोंडूने सगळं रीळ संपवलं. तिने मध्ये एकदाही नजर काढली नाही. जणू त्या काचेच्या पलीकडे कुणीतरी होतं आणि त्याला तिला नीट लक्षात ठेवायला सांगायचं होतं.

रविवारी भरती झाली. तिला खाटेवर सोडून धोंडू संध्याकाळी कर्णिकांकडे पोचला, तेव्हा शनिवारीच कॅमेऱ्यासकट दिलेलं रीळ धुऊन दोरीवर वाळत होतं. कर्णिकांनी नुसतं तिकडे बोट दाखवलं. धोंडूने फिल्म उजेडाकडे धरली. सगळ्या चौकोनांवर धुकं होतं. मधोमध एक दाट डाग, आणि त्याच्या आत, फार आत, कुणीतरी बसलेलं. माणूस आहे एवढं कळत होतं. कोण आहे ते कळत नव्हतं.

"कॅमेऱ्यात उजेड घुसला काय?" धोंडूने विचारलं.

कर्णिकांनी कॅमेऱ्यावरची नळी काढून हातात घेतली, आत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "परब, आतून पॉलिश का केलंत हो?"

मग त्यांनी सांगितलं ते त्यांना आधीच सांगायला हवं होतं. उजेड सुतासारखा जात नाही. चकचकीत भिंत भेटली की तो तिच्यावर आपटतो, उसळतो, पुन्हा आपटतो आणि सगळा फिल्मवर सांडतो. आत खडबडीत पाहिजे, काळंमिट्ट पाहिजे, उजेड गिळून टाकणारं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून कुणी सोडून द्यावं असली ही चूक नव्हती. धोंडू मोरीच्या कडेवर बसला. जे काम त्याने सगळ्यात मन लावून केलं त्यानेच पोरीचा चेहरा खाल्ला होता. आळस केला असता, घाई केली असती, नळी लेथवरून जशी उतरली तशी लावली असती तरी एवढं झालं नसतं. पन्नाशीचा तो माणूस तिथे लहान पोरासारखा रडला, आणि कर्णिकांना त्याच्या पाठीवर हात ठेवायचाही धीर झाला नाही.

उपाय पाच मिनिटांचा होता. घरी जाऊन धोंडूने रॉकेलची चिमणी पेटवली, काच काढली आणि नळी ज्योतीवर धरली. काजळी धरत गेली. त्याच्या सगळ्या पॉलिशवर काळा, मऊ, आंधळा थर बसला. कर्णिकांनी आपल्याकडचं उरलेलं अर्धं रीळ कॅमेऱ्यात भरून दिलं होतं. ऑपरेशनच्या आधी एक तरी. एकच.

सोमवारी सकाळी तो वॉर्डात पोचला तेव्हा रत्नाला ट्रॉलीवर घेतलं होतं. इंजेक्शन देऊन झालं होतं. डाव्या गालावर जांभळ्या औषधाने रेघा ओढल्या होत्या, कुठून कुठवर कापायचं त्या. सुगंधा ट्रॉलीची कड धरून चालत होती. लांबच लांब पॅसेज, त्याच्या टोकाला एक मोठी खिडकी, आणि खिडकीखालून ट्रॉली वळणार होती. उजेड चांगला होता. वॉर्डबॉयला हात जोडले असते तर तो घटकाभर थांबलाही असता. धोंडूचा हात शर्टाखालच्या कॅमेऱ्यावर होता.

रत्नाने जड पापण्या उघडल्या. तिला बाप दिसला. "बाबा," ती म्हणाली, "फोटो आला?"

आता बघा. कॅमेरा बाहेर काढायचा तर आधी सांगावं लागणार होतं की आला नाही. कापायच्या रेघा तोंडावर घेऊन चाललेल्या पोरीला सांगायचं की तुझा चेहरा माझ्या हातून गेला, आता पटकन इकडे बघ. धोंडूने कॅमेरा सोडला आणि तिच्या केसांवर हात ठेवला.

"इलो गो," तो म्हणाला. "झकास इलो हा."

रत्ना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे मिटले, आणि ट्रॉली खिडकीखालून वळून गेली.

जीव वाचला. लोक म्हणाले, देवाने राखलं, आणि सुगंधा नवस फेडायला गावी जाऊन आली. रत्ना घरी आली ती अर्ध्या चेहऱ्यावर कापसाची जाड घडी आणि पट्ट्या घेऊन. टाळूला प्लेट बसवली होती, बोलणं नाकातून यायचं, तिलाच ते आवडत नसे म्हणून ती बोलायची कमी. घरातला आरसा सुगंधाने आधीच काढून ट्रंकेमागे ठेवला होता. फोटोचं नाव कुणी काढत नव्हतं. धोंडू सकाळी निघायचा, संध्याकाळी यायचा, डोळे भातात घालून जेवायचा. कर्णिकांनी त्यातल्या त्यात एका बऱ्या निगेटिव्हचा मोठा फोटो करून दिला होता. तो त्याने बिस्किटाच्या डब्याच्या तळाशी दडवला होता, आणि रोज त्याला वाटायचं की आज डबा तिच्या हाती लागेल.

लागला नाही. एका रविवारी दुपारी त्यालाच ते ओझं सोसेना. त्याने फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि खाली बघून सगळं सांगून टाकलं, पॉलिश, काजळी, ट्रॉली. शेवटी म्हणाला, "तुका मी खोटा बोललंय."

रत्नाने फोटो बराच वेळ पाहिला. धुक्यात एक वेणी होती, गजऱ्याचा आकार होता, आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा उजेड. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग एकेक शब्द सांभाळत, प्लेटशी झगडत ती म्हणाली, "मला माहीत होतं."

धोंडूने वर पाहिलं.

"तुम्ही झकास म्हणालात," ती म्हणाली. "चांगला आला असता तर बरा आसा म्हणाला असतात."

म्हणजे ती हे घेऊन आत गेली होती. ऑपरेशनच्या दाराच्या आत, त्या रेघा तोंडावर घेऊन, बापाचं खोटं ओळखून, आणि त्याला ते कळू न देता. धोंडूला वाटलं जमीन दुभंगावी. पण जमीन कोणासाठी दुभंगत नाही, आणि चारकोपची तर भराव घातलेली.

रत्नाने विचारलं, नळी आता काळी आहे ना. तो मानेने हो म्हणाला. मग तिने खिडकीजवळ स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि कानामागची पहिली चिकटपट्टी सोडवायला लागली. सुगंधा ओरडली, अगं काय करतेस. रत्ना थांबली नाही. कापसाची घडी निघाली. धोंडूने आजवर तिथे बघितलं नव्हतं. हॉस्पिटलात पट्टी बदलायची वेळ झाली की तो पाणी आणायला जायचा.

"चेहरा भरून," ती म्हणाली.

त्याने कॅमेरा आणला. ते अर्धं रीळ आत तसंच होतं. त्याने लेन्स फिरवली, आटे जुळले. त्याने दोरीचं टोक पुढे केलं. रत्नाने गाठ चिमटीत धरली आणि सवयीने डाव्या डोळ्याखाली नेली. तिथे गाठ टेकायला काही नव्हतं. तिचा हात हवेत राहिला. सुगंधाचा हुंदका ऐकू आला. मग रत्नाने गाठ उजवीकडे नेली, उजव्या डोळ्याखालच्या हाडावर घट्ट टेकवली, आणि दोरी ताणेपर्यंत वाट पाहिली. धोंडू हळूच म्हणाला, थोडी या अंगाला वळ गो. ती वळली नाही. मान सरळ ठेवून तिने गाठ सोडली आणि लेन्सकडे बघितलं.

धोंडूने डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावला. खिडकीत सगळं नेहमी लख्ख दिसतं असं कर्णिक म्हणाले होते, पण त्याला काहीच दिसेना, नुसतं पाणी. तो तसाच उभा राहिला, हललाही नाही. त्याला दिसलं काय आणि न दिसलं काय, अंतर दोरीने धरलेलं होतं. त्याने बटण दाबलं.